एकतिसावं मिनिट

ती. सौ. त्रिशलाआत्तीस,

कस्तुरीचा सांगलीहून जय जिनेंद्र आणि वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? कराडला पाणी वेळेवर येतं का? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत म्हणून लिहिते. माझं क्षेम येत्या रविवारी दुपारी चारला संपतंय.

रविवारी माझ्या माहितीपटाचा पहिला शो आहे. अडीच वर्षं मी कोयनेकडच्या डोंगरात मधमाश्या पाळणाऱ्या बायकांमागे कॅमेरा घेऊन फिरले, हे तुला ठाऊक आहे. अप्पांना नाही. मी खोटं बोलले नाही हं (तशी समजूत करून घेऊ नकोस). बायकांच्या गृहोद्योगावर फिल्म करतेय एवढंच सांगितलं, पुढचे पापड अप्पांनी स्वतःच लाटले. आमच्या कस्तुरीनं पापडावर पिक्चर काढलाय, असं त्यांनी अख्ख्या समाजात सांगून टाकलं. दुरुस्ती करायला मी तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा ते मंदिरात निघाले होते, दुसऱ्यांदा मंदिरातून आले होते, तिसऱ्यांदा पर्युषण चालू होतं. मध वर्ज्य म्हणून ज्या घरात खोकल्याचं चाटणसुद्धा आपण गुळात घेतलं, तिथे मधाचं नाव कोणत्या मुहूर्तावर काढायचं, तूच सांग. आता चौकात फ्लेक्स लागलाय. त्यावर अकरा काकांचे फोटो, मधोमध मी आणि कोपऱ्यात पापडाची थाळी. मी त्याखालून मान खाली घालून जाते, आणि लोकांना वाटतं पोरगी किती विनयशील. पाठशाळेच्या बायकांना दोन रांगा राखून ठेवल्यात. अप्पा पहिल्या रांगेत, नवा कोट घालून.

फिल्ममध्ये माश्या दिसल्या तर एक वेळ निभावून नेता येईल. माझी खरी भीती एकतिसाव्या मिनिटाला आहे. मनुबाई या तिथल्या सगळ्यांत जुन्या मधपाळ. सात महिने त्या कॅमेऱ्यासमोर बसायच्या त्या शाळेत तपासणीला साहेब आल्यासारख्या. होय, नाही, झालं. एके दिवशी त्यांनी पोळ्याचा तुकडा मोडून माझ्या तळहातावर ठेवला. तुझी शपथ आत्ती, मी नको म्हणणार होते. पण तो मध ओघळत मनगटाकडे निघाला, मी गांगरले आणि चाटला. आधी तळहात, मग मनगट, मग (स्टँडवरच्या कॅमेऱ्यात आहे तर तुझ्यापासून कशाला लपवू) पार कोपरापर्यंत. मनुबाई पोट धरून हसल्या. 'आता तू आमची झालीस बग,' म्हणाल्या, आणि बोलायला लागल्या. माश्यांची पेटी त्यांच्या फौजी नवऱ्यानं आणलेली. बाईमाणसानं हात लावायचा नाही अशी ताकीद देऊन तो ड्यूटीवर गेला, आणि यांनी ती उघडली. 'दोन वरसं त्येनला सांगितलंच न्हाई. माशीचं भ्या न्हाई वाटलं गं कवा. त्येंची सुट्टी जवळ आली की लय वाटायचं.'

हे मिनिट काढलं तर फिल्ममध्ये नुसतं गुणगुणणं उरतं. मी ते तीनदा कापलं आणि तिन्ही वेळा परत जोडलं. डोंगरात अंगावर अकरा माश्या चावल्या तेव्हा मी हूं की चूं केलं नाही. आता अप्पांनी नुसता चष्मा पुसला तरी मी खोलीबाहेर सटकते. दोन दिवस मी धड जेवलेली नाही. मला खरंच फार भीती वाटतेय आत्ती.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापड.

तुझी, पुरती गळाठलेली,
कस्तुरी

ता. क. रविवारी तू ये. गुडघा दुखत असला तरी ये (दुखत असला तर फारच बरं). अप्पांच्या शेजारी बस, तिसाव्या मिनिटाला कण्हायला लाग, आणि त्यांचा हात धरून बाहेर जा. व्हरांड्यात बाक आहे. चार मिनिटांनी आत या.

ता. क. २ मनुबाईंचा फोन येऊन गेला. त्यांना स्टेजवर माझ्या वडिलांचा सत्कार करायचाय. शाल, नारळ आणि मधाची दोन किलोची बरणी. अप्पांना चालत नाही म्हटलं, तर विचारतात, 'शुगर हाय व्हय?' मी हो म्हटलं. (हे मात्र खोटं झालं.)

ता. क. ३ वरचं बाकाचं विसर. सातवीत मी मैत्रिणीच्या वाढदिवसाला अंड्याचा केक खाऊन आले होते. अप्पा एका शब्दानं बोलले नाहीत, पण दोन दिवस जेवले नाहीत. मला वाटलं, पोट बिघडलं असेल. तो माझ्या वाट्याचा उपवास होता, हे आईनं जायच्या आधी मला सांगितलं. मला त्यांच्या रागाची भीती नाही, त्या उपवासाची आहे. आता ते बहात्तर वर्षांचे आहेत. त्यांना बाहेर नेऊ नकोस, बघू देत. मनुबाईंपेक्षा सहा महिने जास्तच लपवून झालंय माझं. शो साडेपाचला सुटतो, दिवस मावळायला, म्हणजे त्यांची जेवायची वेळ संपायला, थोडा वेळ उरतो. तेवढ्यात खाऊन होईल असा डबा घेऊन ये. माझ्या हातचं ते त्या दिवशी घेणार नाहीत, पण थोरल्या बहिणीनं वाढलेलं ताट त्यांनी आजवर बाजूला सारलेलं नाही. आधी त्यांना जेवू घाल, मग मला काय बोलायचं ते बोलू देत.