डाव्या चाकाचे आटे

सोम. ३ फेब्रु.
जीपच्या मागच्या डाव्या चाकाचा बोल्ट तुटला. इरफाननं तोडला. मी गॅरेजात समोर उभा राहून सांगत होतो, जुन्या जीपला डावीकडं उलटे आटे असतात, जगाच्या उलट फिरव. म्हणे, "काका, हा सुलटा वाटतोय." वाटतोय! बाप रहीमभाई हयातभर गाड्यांखाली झोपला आणि याला वाटतंय. फिरव म्हटलं. पान्याला पाइप लावून फिरवला. काटकन तुकडा नटासकट हातात. चार माणसांत म्हणालो, तुझा बाप असता तर कानफटात दिली असती. त्यानं तुकडा पुसून माझ्या हातात ठेवला.
चार बोल्टांवर हळू घरी आणली. रविवारी दिलीप, सूनबाई, छोटी हिच्यातनंच सिल्लोडला बारशाला जाणार. वाटेत चाक निसटलं तर...

मंगळ. ४
दिलीप म्हणतो, पाचातले चार आहेत की. शेंद्र्याला कंपनीत खुर्चीवर बसतो. चाक गोल असतं, एवढंच माहीत.
तुकडा खिशात घालून दुकानं फिरलो. पहिल्यानं चांदीसारखा चकचकीत नट काढला. नवरीच्या नाकात घाल म्हटलं. दुसऱ्याचा सपाट तोंडाचा. चाकाच्या नटाच्या तोंडाला उतार लागतो, तेव्हा तो भोकात बसतो. गाढवांना कोण सांगणार. तिसऱ्यानं चष्मा लावून तुकडा बघितला. "काका, आटे सुलटेच आहेत. उलटा कशाला मागता?" दोन पिढ्यांचं दुकान म्हणे. डावा हात कोणता ते तरी कळतं का, विचारून आलो.

बुध. ५
भंगारवाल्याकडं मिळाला. उलट्या आट्यांचा, बोल्टच्या टोकावर इंग्रजी L. सातवी शिकलेल्याला एवढं वाचता येतं.
घरी दोन्ही तुकडे शेजारी धरले. आणलेल्याचे आटे एकीकडं चढतात, तुटलेल्याचे दुसरीकडं. भंगारवाल्याला शिव्या घातल्या. मग पुढच्या डाव्या चाकाचा एक नट काढला. उलटा फिरवूनच निघाला, आणलेला तिथं नीट बसला. टोकावर L.
मागच्या डाव्या चाकाचे चारी बोल्ट पुसून बघितले. L नाही. परत पुसले.

गुरु. ६
आठवलं. मागच्या डाव्या चाकाचा हब, ज्यात बोल्ट बसतात तो, फुटला तेव्हा रहीमभाईनं दुसऱ्या गाडीचा बसवला होता. "मालक, हे चाक आता सुलटं झालं. वहीत लिहून ठेवा." लिहिलं नाही. ज्यांच्या डोक्यात काही राहत नाही ते लिहितात, असं तेव्हा वाटायचं.
म्हणजे सुलटा बोल्ट मी आवळायला लावून तोडला.
हिला सांगितलं. म्हणाली, मग जाऊन सांगा की त्या पोराला. बायकांना सगळं सोपं.

शुक्र. ७
दिलीप सकाळीच जीप गॅरेजात ठेवून गेला. मी मागनं गेलो. सांगायलाच गेलो होतो. इरफाननं त्या चाकाचे पाचही बोल्ट नवे बसवलेले, सुलटे, नटांच्या तोंडाला उतार. म्हणजे त्याला कळलेलं होतं. म्हणाला, "काका, माझ्या हातानं तुटला, ते मी बघतो." तीच चार माणसं चहा पीत बसलेली. त्यांना काही कामं नसतात.
पाचही नट आवळून बघितले. तसूभर हलेनात. चाक नीट पुसलं नाही म्हणून बोललो आणि निघालो.

शनि. ८
कागदावर लिहिलं: पुढचं डावं चाक उलटं, मागचं डावं सुलटं. जॅकच्या पिशवीत ठेवला. दिलीपनं विचारलं, असं कसं झालं? तुझी चाकांतली हवा बघून झाली का, म्हटलं.

रवि. ९
सकाळी गेले. कोपऱ्यापर्यंत चाकाकडं बघत होतो, छोटीनं हात केला तो हिनं सांगितला.
दुपारी फोन. पोचले. चाकाचं विचारलं तर दिलीप हसला. म्हणे, बारशाच्या घुगऱ्या आणतो, इरफानचा वेगळा डबा. तुम्हीच नेऊन द्या, बिचारा काही बोलला नाही तुम्हाला.
घुगऱ्या उद्यापर्यंत आंबतात. संध्याकाळीच न्याव्या लागतील. ती चार माणसं संध्याकाळी तिथंच असतात.