मोखाड्याच्या चढावर बाबांबरोबर

बाबा, आता रविवारी आपल्या रस्त्यावरून सायकलवाल्यांचे थवे जातात. कोणी नाशिककडून येतात, कोणी ठाण्याकडून. डोक्याला टोप, अंगाला घट्ट कपडे, आणि सायकली इतक्या हलक्या की पोरगी एका हाताने उचलून ओट्यावर ठेवते. कामाला म्हणून नव्हे, हौसेने चढ चढतात. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "पोटभर जेवून निघालेली दिसतात." परवा त्यातली एक मुलगी पाणी प्यायला थांबली. तिच्या सायकलवर काटे होते, आकडे होते, किती चढली, किती दमली ते सगळं दाखवणारं एक यंत्र होतं. मला तिने ते कौतुकाने समजावून सांगितलं आणि मीही कौतुकाने ऐकलं. ती गेली आणि मला तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण असं कागद घेऊन बसावं असं कधी वाटलं नव्हतं.

जव्हार संस्थान होतं तेव्हा तुम्ही दरबारचे सायकलस्वार होतात. जव्हारचे कागद मोखाड्याला आणि मोखाड्याचे जव्हारला. विलीनीकरण झालं त्या दिवशी कोणी पेढे वाटले, काही म्हातारी माणसं रडली. तुम्ही यातलं काहीच केलं नाहीत. अंगणात सायकल उलटी उभी करून धुतलीत, साखळी चिंधीने पुसलीत, थेंब थेंब तेल दिलंत आणि ती कचेरीत नेऊन भिंतीला टेकवलीत. तिथल्या नव्या साहेबांनी विचारलं, "हिचं कुलूप कुठाय?" तुम्ही म्हणालात, "कुलूप कधी लागलं नाही, साहेब." घरी आल्यावर एवढंच सांगितलंत. पुढे तुम्हाला त्याच कचेरीत शिपाई केलं. दाराशी स्टुलावर बसायचं, घंटी वाजली की आत जायचं. कागद आता मोटारीने जात होते. आई म्हणायची, "यांचे पाय बसल्या जागी हलतात." वर्षभराने तुम्ही नाशिकहून एक मोडकी सायकल आणलीत आणि पडवीत बसून ती पुन्हा जोडलीत. कुठे जायचं नव्हतं, तरी जोडलीत.

मी ठाण्याहून सुईणपणाचं शिक्षण घेऊन परत आले तेव्हा दवाखान्यालाही एक सरकारी सायकल आलेली होती. ती कोपऱ्यात उभी असे आणि कंपाउंडर तिच्यावर टॉवेल वाळत घाली. डॉक्टर मला म्हणाले, "बाई, खेडी लांब आहेत. पावसाळ्याआधी तुमच्या फेऱ्या सुरू झाल्या नाहीत तर मला वर कळवावं लागेल. इथे पुरुष कर्मचारी देतील, तुम्हाला भिवंडीला पाठवतील." मी घरी येऊन चुलीपाशी रडले. खेड्यातल्या बायका पुरुषाला आत घेणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. तुम्ही भाकरी खात होतात. घास संपवलात आणि म्हणालात, "उद्या ती सायकल घरी आण."

आईने कपाळाला हात लावला. पण आधी वाट काढली तीही तिनेच. "पाचवारी चाकात जाईल. नऊवारी नेस आणि काष्टा घट्ट मार," ती म्हणाली. दवाखान्याचा पांढरा गणवेश पाचवारीचा होता, म्हणून मग पांढरी नऊवारी शोधावी लागली. ती नेसून मी पहिल्यांदा त्या दांड्याच्या सायकलवर बसले तेव्हा आपल्या आळीतली सगळी दारं उघडी होती. तुम्ही कोणाकडे पाहिलं नाहीत. टाच पायडलवर टेकवायला लावलीत, पाय सरळ झाला की बैठकीचा नट आवळलात. "बैठक खाली असली की गुडघा मरतो, वर असली की कंबर मरते," असं म्हणालात आणि पाना पुसून खिशात टाकलात.

तुमची शिकवण मी शाळेतल्या कवितेसारखी पाठ केली होती, पण तुम्ही ती कधी शिकवण म्हणून दिली नाहीत. काहीतरी करता करता बोलायचात. चढावर तोंडाने बोलायचं नाही, नाकाने दम घ्यायचा. उतारावर मूठ आवळायची नाही. शेवाळलेल्या रस्त्यावर चाकात हवा थोडी कमी ठेवायची. भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं. आई फडक्यात नागलीची भाकरी आणि गूळ बांधून द्यायची आणि तुम्ही मला प्रत्येक मोठ्या चढाच्या अलीकडे थांबवून एक तुकडा खायला लावायचात. सुरुवातीला फक्त गावाबाहेरच्या वळणापर्यंत. मग नदीच्या उतारापर्यंत. मग उतरून पुन्हा वर. लांब पल्ला झाला की दुसऱ्या दिवशी सायकलला हात लावायचा नाही. भिंतीला पाय वर टेकवून पडायचं.

ते पडून राहणं मला जमेना. माझे पाय तयार झाले होते, अंगात जोर आला होता, खेड्यांतून बायका वाट बघायला लागल्या होत्या. लांबची फेरी करून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही कचेरीत गेल्यावर मी पुन्हा निघाले आणि त्याच्या पुढच्या दिवशीही. तिसऱ्या संध्याकाळी माझा उजवा गुडघा नारळाएवढा झाला. तुम्ही दारातच उभे राहिलात. आवाज चढवला नाहीत. "माझी सायकल सरकारी होती, ती परत देता आली. गुडघा सरकारी नाही. तो मोडला तर नवा कोण देणार तुला?" मला एवढं कधी लागलं नव्हतं. आई निरगुडीचा पाला गरम करून शेक द्यायची आणि मी छताकडे बघत पडून राहायचे. दवाखान्यात काय चाललं असेल, भिवंडीचा हुकूम निघाला असेल का, हेच डोक्यात. तुम्ही रजा काढलीत. मला वाटलं माझ्यासाठी घरी थांबणार. तुम्ही स्वतःची सायकल काढलीत आणि माझ्या फेरीतल्या एकेका पाड्यावर जाऊन सांगून आलात की नर्सबाई येणार आहे, उशीर होईल, पण येणार आहे. परत आलात की कोणाला कितवा महिना आहे, कोणाच्या पायाला सूज आहे, ते मला सांगायचात. बायकांनी तुम्हाला हे कसं सांगितलं असेल याचं मला आजही नवल वाटतं.

मी उठले तेव्हा तुम्ही माझ्या सायकलवर नवी चामड्याची बैठक बसवली होतीत, नाशिकहून मागवलेली. तुमची जुनी, मऊ झालेली बैठक मी मागितली होती ना? तुम्ही म्हणालात, "ती माझ्या अंगाची झालीय. दुसऱ्याच्या बैठकीवर लांब जाता येत नाही. हीच बसून बसून तुझी कर."

आणि मग श्रावणातला तो दिवस. सकाळी दवाखाना नुकताच उघडला आहे. डॉक्टर ठाण्याला गेलेत. गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला एक म्हातारा दारात उभा आहे, मोखाड्याच्या वाटेवरून आत असलेल्या एका पाड्यावरून पहाटेपासून चालत आलेला. "बाय, सून अडलीय," तो म्हणतो. "दाई सांगते, पोराचं डोकं वर हाय." मोटार दुपारी, आणि तीही रस्ता धुपला नसेल तर. मी पिशवी भरते. बाहेर येते तर तुम्ही तुमची सायकल घेऊन उभे. कचेरी समोरच होती, म्हाताऱ्याला येताना तुम्ही पाहिलं होतंत.

नदीपर्यंत आपण भराभर उतरलो. पूल ओलांडला आणि चढ लागला. मी उभी राहून पायडल मारायला लागले. तुम्ही मागून ओरडलात, "बस खाली! हळू!" मी ऐकलं नाही. तुम्ही जोर करून माझ्या पुढे आलात आणि आडवे झालात, अक्षरशः रस्ता अडवलात. "तिथे पोचल्यावर हात थरथरले तर पोचून काय उपयोग? माझ्या मागे राहा. माझ्या चाकाकडे बघ." मला राग आला होता. ती बाई तिकडे मरत असेल आणि तुम्ही बैलगाडीच्या चालीने चालवत होतात. पण मी मागे राहिले. समोरून वारा आणि पाऊस येत होता, तो तुमच्या पाठीवर बसत होता आणि मला त्यातलं निम्मंही लागत नव्हतं. वर पोचल्यावर थांबून तुम्ही मला गूळ दिलात. स्वतः खाल्ला नाहीत. शेवटी पायवाट लागली तेव्हा सायकली एका बांधाला टेकवून आपण चालत गेलो, पिशवी तुमच्या डोक्यावर.

कुडाचं घर, आत धूर. मुलगी माझ्याहून लहान. दाईने तिला सोडलं नव्हतं, पाठीला पाठ लावून बसली होती. तिने आणि मी मिळून ते केलं. आधी पाय आले, मग अंग, मग डोकं अडलं. त्या क्षणी मी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ते स्थिर होते. पोर निळं आलं. दाईने त्याच्या तोंडात बोट घालून चिकटा काढला, मी पाठ चोळली, उलटं धरलं, पुन्हा चोळली. मग ते रडलं. बाहेर कोणीतरी मोठ्याने हसलं.

ओट्यावर आले तेव्हा घरातली आजी तुम्हाला विचारत होती, "तू कोण रं हिचा?" तुम्ही उठून उभे राहिलात, पिशवी हातात घेतलीत आणि म्हणालात, "मी नर्सबाईंचा शिपाई."

परत लगेच निघायचं नाही असं तुम्ही ठरवून टाकलंत. आपण भात खाल्ला, आणि मला तिथेच गोणपाटावर आडवं व्हायला लावलंत. मी डोळे मिटले पण झोप लागली नाही. तुम्ही आणि आजी कुडाच्या पलीकडे बसला होतात. आजीने विचारलं असावं, पोरीला एवढा चढ कसा झेपला. तुम्ही म्हणालात, "तिला झेपला, आजी. मलाच झेपला नाही. छातीत असं धरलं की वाटलं आता पडतो. तिला हळू चालव म्हटलं ते खरं म्हणजे माझ्यासाठी." मग हलकेच म्हणालात, "तिला नका सांगू."

आजीने सांगितलं नाही. त्या पोराचं लग्न आणि त्याच्या पोरांची बारशी मी पुढे पाहिली. मी भिवंडीला गेले नाही, नोकरीची सगळी वर्षं याच डोंगरात काढली, आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक मुलीला सांगत आले, घाई करू नका, पोचल्यावर हात थरथरता कामा नयेत. ते खरंच आहे. तुम्ही कोणत्याही कारणाने म्हणालात तरी ते खरंच आहे. त्या श्रावणानंतर तुम्ही माझ्याबरोबर मोठ्या चढावर आला नाहीत. कचेरीतून रजा मिळत नाही म्हणायचात. तीन पावसाळ्यांनी, स्टुलावर बसल्या बसल्या, तुम्ही गेलात. मी तेव्हा फेरीवर होते.

हा कागद मी घडी करून ठेवणार आहे. टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी बहुधा टाकला नसता, कारण तुम्ही वाचून चिडला असतात. त्या दुपारी परतताना नदीच्या पुलावरून जव्हारचा चढ सुरू झाला तेव्हा मी सायकलवरून उतरले आणि गुडघा दुखतोय म्हणाले. तुम्ही मला वरपर्यंत बोलत राहिलात, ऐकत नाहीस, विश्रांती घेत नाहीस, पुन्हा सुजवून घेशील, आणि बोलत बोलत माझ्याबरोबर सबंध चढ सावकाश पायी चाललात. बाबा, गुडघा दुखत नव्हता.