सुलाबाईंचं सर्टिफिकेट

मिरा चौक, सांगली
९ ऑगस्ट १९६५

तीर्थरूप आकाराममामा, तुमच्या पायांवर केरूचा माथा.

आमी सांगलीत खुशाल हाय. मामींच्या गुडघ्याला उतार पडला का, ते कळवावं.

पलटणीतून सुटून मी इस्पितळाच्या ग्रंथालयात शिपाई झालो, हे तुमाला ठाऊकच हाय. पहिल्याच आठवड्यात सारी पुस्तकं उंचीप्रमाणं फॉलिन केली (उंच डावीकडं, बुटकी उजवीकडं). डॉक्टरलोक बघतच राहिले. मला वाटलं, खूश झाले.

मग गेल्या सोमवारी ग्रंथपाल म्हणून सुलाबाई बनसोडे आल्या. मूळच्या पाटणच्या, अमेरिकेत शिकून आलेल्या. टेबलामागं चौकटीत सर्टिफिकेट लावलं. मी विचारलं, "बाई, पुस्तकं मांडायला सर्टिफिकेट कशाला वं?" बाई रागावल्या न्हाईत. म्हणाल्या, तिकडंही पूर्वी डॉक्टरी पुस्तकांवर कुणालाही बसवत. मग एकोणपन्नास साली तिथल्या ग्रंथपालांच्या मंडळानं ठरवलं, शिक्षण आणि अनुभव बघून सर्टिफिकेट द्यायचं. मी तोंडानं व्हय म्हणालो, मनात न्हाई.

दुसऱ्याच दिवशी कडेगावचा धोंडीबा आणला. उसावर फवारायचं औषध अंगात भिनलेलं, तोंडाला फेस. डॉक्टर स्वतः पळत ग्रंथालयात आले. नव्या इंजेक्शनाचा डोस त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचला होता, नाव आठवंना. बाईंनी तीनच गोष्टी विचारल्या (आमच्या सुभेदारानं तीस विचारल्या असत्या), मासिकांतल्या लेखांच्या सूचीचा जाड खंड उघडला, बोट फिरवलं आणि मासिकाचं नाव, साल, पान सांगितलं. मग कपाटाकडं बघितलं आणि माझी परेड त्यांच्या ध्यानात आली. मामा, बासष्ट साली सरहद्दीवर केला न्हाई तेवढा देवाचा धावा तवा केला. बाई शांतपणे म्हणाल्या, "केरूभाऊ, हे मासिक एवढं उंच असतं. कुठं असेल?" आणि हातानं उंची दाखवली. मी म्हणालो, "वीतभर अन् चार बोटं. दुसरा कप्पा." तिथंच निघालं. बाईंनी सांगितलेलं पान, तेच.

तिसऱ्या दिवशी धोंडीबानं भाकरी मागितली. त्याची बायको भामाबाई डॉक्टरांच्या पाया पडली, त्यांनी तिला ग्रंथालयात धाडलं. तिथं ती माझ्या पाया पडली. मी लाजून बाईंकडं बोट केलं.

तवापासून त्या चौकटीपुढनं जाताना मी सावधान होतो. आता आमी दोघं सारी पुस्तकं विषयाप्रमाणं लावतोय. बाई म्हणतात, मॅट्रिक व्हा, पुढं ग्रंथालयाचा वर्गही करता येईल.

तुमचा भाचा,
केरू

ता. क. तुमी शिराळ्याचे हेडमास्तर. मॅट्रिकला बाहेरून बसायचा फॉर्म धाडावा. वय अडतीस चालतंय का?

ता. क. दुसरा: फॉर्म माझ्या खोलीवर धाडा, ग्रंथालयात नको. बाईंना मी नववी पास सांगितलंय, आणि मला सातवीत दोनदा कुणी नापास केलं ते तुमाला ठाऊक हाय.