गौरीचा पाण्यावरचा चेंडू

मुरुम,
रविवार

आदरणीय केशरताईंना,
धाकट्या संघपालचा मनापासून जय भीम.

तुमचे गुडघे कसे आहेत? सोनारीत पाऊस झाला का? भाऊजींचा खोकला थांबला असेल असं धरून चालतो. (थांबला नसला तरी फोनवर ऐकवू नका, मागच्या वेळी निम्मं बोलणं खोकल्यातच गेलं.) मी बरा आहे. अगदी बरा. दोनदा लिहितो, कारण तुमच्या कानावर वेगळंच काही आलं असेल, आणि ते खरं न्हाय.

झालं असं. आमच्या प्रेमानंदची बदली रत्नागिरीला झाल्यापासून त्याच्या गौरीचं सगळं खेळणं समुद्रावर. त्या माझ्या नातीनं मला कुरिअरनं एक चेंडू पाठवला. मोसंबीएवढा, निळा, मऊ. पाण्यावर आपटला की बुडत न्हाय, बेडकासारखा उड्या मारत जातो म्हणे. वर फोनवर हुकूम, "आजोबा, खेळा आणि मला व्हिडिओ पाठवा." आता धाराशिव जिल्ह्यात समुद्र कुठनं आणू? आधी न्हाणीतल्या बादलीत आपटून बघितला. त्यानं उसळी घेतली ती थेट आरशावर, आरशाला तडा. आरसा आमच्या संसाराच्या पहिल्या वर्षी रोहिणीनं घेतलेला. (ती असती तर आधी मला विचारलं असतं, लागलं न्हाय ना. मग आरशावरनं महिनाभर बोलली असती. तेवढं बोलणं तरी झालं असतं.)

ताई, सारा जन्म एसटीत कंडक्टरकी केली. तुळजापूरच्या यात्रेला गाडीत पाय ठेवायला जागा नसायची, तेव्हा वाटायचं, थोडी शांतता मिळावी. आता इतकी मिळाली आहे की दुपारी फ्रिजची घरघर थांबली तरी कोणीतरी उठून गेल्यासारखं वाटतं.

तर चेंडू घेऊन गावाबाहेरच्या तलावावर गेलो. एका हातानं फेकायचा आणि दुसऱ्यानं शूटिंग करायचं हे काही जमेना, म्हणून मोबाईल चालू करून दगडाला टेकवला. शर्ट भिजू नये म्हणून काढून घडी घातली, त्यावर चष्मा ठेवला, शेजारी चपला. आणि चेंडू फेकला. काय उडाला म्हणून सांगू! टप, टप, टप, लांबपर्यंत. मी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. मग ध्यानात आलं, पलीकडनं परत फेकायला कोणीच न्हाय. चेंडू मधोमध जाऊन बसला. आणायला मी पाण्यात उतरलो. आधी गुडघाभर, मग कमरेएवढं.

तेवढ्यात शेजारची शांताक्का धुणं घेऊन आली. तिनं काय बघितलं असेल? घडी घातलेला शर्ट, चष्मा, चपला, आणि पाण्यात चालत निघालेला एकटा म्हातारा. तिनं बोंब ठोकली, "धावा रे धावा! कंडक्टर जीव देतोय!" पलीकडं म्हशी धुणारा शिवप्पा आला तो एका म्हशीसकट. त्यानं मला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"अरे सोड, माझा चेंडू गेला!" मी ओरडलो.

शिवप्पानं शांताक्काकडं बघितलं. "डोक्यावर परिणाम झालाय यांच्या," तो हळूच म्हणाला.

मी बोट दाखवलं, तर वाऱ्यानं चेंडू काठच्या बेशरमाच्या झुडपात नेलेला, दिसेचना. मग पुरावा म्हणून मीच व्हिडिओ लावला. ताई, मोबाईल कलंडला होता. त्यात चेंडू दिसतच न्हाय! नुसता मी. उघडाबंब उभा आहे, टाळ्या वाजवतोय, लांब कुठंतरी बघून हसतोय, आणि मग पाण्यात चालू लागतोय. शांताक्का पदर तोंडाला लावून रडायला लागली. शिवप्पानं माझ्याच फोनवरनं तो व्हिडिओ प्रेमानंदला पाठवून दिला.

लगेच फोन. एरवी त्याचा फोन "जेवलात का" एवढ्यावर संपतो. त्या दिवशी म्हणाला, "दादा, खरं सांगा. लई एकटं वाटतं का?"

"अरे, चेंडूसाठी उतरलो होतो."

"चेंडूचं राहू द्या, दादा."

चेंडूचं खरं होतं, ताई. पण त्यानं विचारलं त्याला न्हाय म्हणायला तोंड उघडेना.

तेव्हापासून घर भरलेलं आहे. शांताक्का रोज भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणते, मी जेवेपर्यंत समोरनं हलत न्हाय. शिवप्पा दुपारी माझ्यावर नजर ठेवायला येतो आणि माझ्याच बाजेवर झोपतो. (घोरतो. नजर मीच ठेवतो.) असं सगळं आहे. काळजी करू नका. भाऊजींना जय भीम.

तुमचा,
संघपाल

ता. क. चेंडू परवा काठाला लागलेला सापडला. धुऊन, पुसून तांदळाच्या डब्यात ठेवला आहे. शांताक्काला सांगायचं राहून गेलं.

आणखी एक ता. क. प्रेमानंद रजा काढून गौरीला घेऊन येतोय, शनिवारी निघणार. त्याआधी तो तुम्हाला फोन करून विचारील, दादा खरंच बरे आहेत का. खोटं बोलू नका, ताई. फक्त ते दोघं गाडीत बसेपर्यंत फोन उचलू नका.