न फुटलेली सुपारी

तीर्थरूप अप्पांना सांगलीहून गायत्रीचा साष्टांग नमस्कार.

आपल्या धाकट्या निकिताचा फोन आला. कॉलेजातली हिंदी कादंबरी ती तुम्हाला रोज मराठीत वाचून दाखवायची म्हणे. हुंड्यापायी बिजवराला दिलेल्या पोरीचे हाल तुम्ही ऐकले, अन् सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी परंड्याला जाऊन निकिताच्या त्या चाळिशीतल्या बिजवर स्थळाला नकार देऊन आलात. जीव भांड्यात पडला. फोनवर बोलता येईना, म्हणून लिहिते.

शब्द मोडला म्हणून मनाला लावून घेऊ नका. आईची शुगर तपासली का?

माझं बरं चाललंय. यांना आता साठावं लागलं, गुडघे धरतात, पण लई शांत माणूस. मागचं काढून झुरू नका, अप्पा. माझ्या सुपारीच्या वेळी निकिता चौथीत होती, तिला तरी काय वाचून दाखवता आलं असतं?

तुमची,
गायत्री