काटा अर्ध्यावर

५ ऑक्टोबर, रविवार

बाबा म्हणायचे, "गाडी अचानक बंद पडत नाही. आधी सांगत असते. आपण ऐकत नसतो." मी तेव्हा शाळेत होते. ते गाडीखाली आडवे, मी वरून टॉर्च धरून. हे वाक्य त्यांनी मला सांगितलं. धाकट्या वैभवला नाही. वैभव गल्लीत क्रिकेट खेळत होता.

त्यामुळे बाबांची मारुती माझ्याकडे आली ते बरोबरच झालं.

आज दादरहून येताना भारतमाताच्या सिग्नलला तापली. तापमानाचा काटा एचला, म्हणजे हॉटला टेकला. शेजारी आई. मी शांत होते. घाम आला तो मागच्या टेम्पोवाल्याच्या हॉर्नमुळे.

संध्याकाळी वैभवचा फोन. आईने सांगितलं असणार. म्हणाला, ताई, भंगारात घाल ती गाडी, आणि आईला माझ्याकडे उलव्याला पाठव. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर तिला तीन मजले चढवतेस. मी म्हटलं, इथे लालबागला आईला सगळं आहे. परळला फिजिओ, खाली भाजीवाली, दारात गाडी. तो म्हणाला, दारातच असते.

मग ठरलं. भाऊबीजेला मी आईला याच गाडीने त्याच्या नव्या घरी नेणार, शिवडीहून अटल सेतूवरून, आणि संध्याकाळी परत आणणार. गाडी वाटेत उकळली तर आई तिथे राहील. नाही उकळली तर हा विषय त्याने जन्मात काढायचा नाही.

डन म्हटलं.

आईला सांगितलेलं नाही. तिला उगाच टेन्शन.

मला इंजिनातलं कळतं हा माझा भ्रम नाही. गणपतीनंतर उंदरांनी वायर कुरतडली तेव्हा दिनेश मेकॅनिक नुसती वायर जोडून मोकळा झाला. उंदीर येतो कुठून, याचा विचार मी केला. समोरच्या जाळीतून! आईची छोटी गोधडी जाळीच्या आतून नाडीने गच्च बांधून टाकली. तेव्हापासून एक उंदीर नाही. याला म्हणतात मुळावर उपाय.

८ ऑक्टोबर, बुधवार

निदान झालं. रेडिएटरचं झाकण.

ऑफिसला हाफ डे टाकून काळाचौकीला दिनेशकडे गेले. तो म्हणाला, ताई, गाडी ठेवून जा, निवांत बघतो. मी म्हटलं, बघायचं काही नाही, बघून झालंय. झाकण बदल. तो म्हणाला, झाकण चांगलं आहे. मी म्हटलं, बदल. त्याने बदललं. त्याच्या चेहऱ्यावर आदर होता. निदान मला तसं वाटलं.

तिथून येऊन आईला घरून घेतलं आणि फिजिओला नेलं. परळ नाक्यापर्यंत उत्तम. मग काटा वर. नवीन झाकण बसायला वेळ लागतो.

रात्री आई म्हणाली, "माझी गोधडी दी गो. ढोपराखाली काय घेऊ?"

उशी दिली. चांगली फोमची.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

थर्मोस्टॅट. इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप. दुसऱ्या मजल्यावरचा हितेंद्र व्हिडिओ बघून हेच म्हणाला, पण माझं आधीच ठरलं होतं. काल दिनेशला म्हटलं, काढूनच टाक, आपल्या हवेत त्याची गरज नाही. तो म्हणाला, आधी कारण तर शोधू. कारण मी शोधलेलं आहे हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

आज पहाटे एकटीने ट्रायल घेतली. रस्ता मोकळा. शिवडीपर्यंत गेले आणि आले. काटा अर्ध्यावर! वैभवला मेसेज केला: पेढे आणून ठेव. त्याने अंगठा पाठवला. अंगठ्यात टोमणा असू शकतो.

अकराला आईला घेऊन निघाले. लालबागला मसाल्याच्या दुकानांपुढे दिवाळीची गर्दी, गाड्या मुंगीच्या पावलांनी. काटा एच. वाफ. लोक बघायला लागले. मिरच्या कांडून घेणारी एक बाई पिशवी खाली ठेवून बघत होती.

एकटी असले की तापत नाही, आई असली की तापते. नोंद करून ठेवते. अर्थ नंतर लावू.

आई येताना टॅक्सीने येऊ म्हणाली. मी ऐकलं नाही. गाडी असताना टॅक्सी?

१३ ऑक्टोबर, सोमवार

मोठा शोध. हीटर!

हीटर फुल ठेवला की इंजिनाची उष्णता आत गाडीत येते, इंजिन थंड राहतं. साधं आहे. ऑक्टोबरमध्ये थोडं गरम होतं एवढंच.

आज प्रयोग केला. चारही काचा खाली, हीटर फुल. काटा एका रेघेने उतरला. डोळ्यांत पाणी आलं. काही आनंदाचं, काही घामाचं. आईने पदराने वारा घेत विचारलं, "माका भाजूक घातलंस काय गो?" तिची विनोदबुद्धी अजून शाबूत आहे. फिजिओ करणाऱ्या मुलीने तिच्या कपाळाला हात लावून विचारलं, ताप आहे का आजी? आई म्हणाली, नाही, लेक आहे.

दोघी खूप हसल्या. मीही हसले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज आईला वैभवबरोबर काय ठरलंय ते सांगितलं. सांगावंच लागलं. भाऊबीजेला साडी कुठली नेसू असं ती शेजारच्या मालनकाकूंना विचारत होती, म्हणजे तिला जायचंय हे माहीत होतं. वैभवनेच सांगितलं असणार.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि माका कोणी इचारल्यान?"

मी म्हटलं, अगं, तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं.

थोड्या वेळाने म्हणाली, वैभवच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे ना? मी म्हटलं, लिफ्ट बंद पडतात. ती म्हणाली, खाली बाकडी आहेत, संध्याकाळी बायका बसतात म्हणे. मी म्हटलं, ओळखीच्या नाहीत. खिडकीतून खाडी दिसते म्हणे. मी म्हटलं, डास.

बिचारी त्याचं मन राखायला बोलते. वैभवला वाटतं आई खरंच बोलते आहे. मला तिचं कळतं. खाली एकटीने उतरायचं नाही, तळलेलं नाही, धुळीमुळे खिडकी बंद. सगळं मीच बघते. एवढं करणारी तिथे कोण आहे?

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

कूलंट बदललं. पंखा तपासला. फिरतो. इंजिनाचा आवाज रोज डोळे मिटून ऐकते. बाबा म्हणाले तसं. आज वॉचमनने विचारलं, ताई, झोप लागली का?

दिनेश म्हणाला, पुढची जाळी खोलून रेडिएटर बाहेरून धुऊन देतो, फुकट, दिवाळी आहे. मी नको म्हटलं. माझा उंदरांचा बंदोबस्त मोडला असता. हा माणूस काही ना काही खोलायलाच बघत असतो.

आईने आपली तुळशीची कुंडी मालनकाकूंच्या दारात नेऊन ठेवायला लावली. दिवाळीची आवराआवर. नव्या चपलाही आणवल्या, मागे पट्टा असलेल्या. चालायला. कुठे चालणार आहे?

झोपताना परत: "माझी गोधडी?" म्हटलं, आई, ती गाडीच्या कामात आहे. ती म्हणाली, तुझ्या बाबांच्या खाकी शर्टांची आहे ती. मी म्हटलं, बाबांच्याच गाडीत आहे ना मग.

तिने उशी बाजूला सारून दिवा मालवला. मला वाटतं पटलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

उद्या.

पाण्याच्या बाटल्या भरल्या. हातमोजे. टॉर्च, दिवसा नको तरी. बाबांचा फोटो डॅशबोर्डवर.

पहाटे सहाला निघायचा बेत होता. आई म्हणाली, अंघोळ, पूजा, गोळ्या, दहाच्या आधी जमणार नाही. म्हणजे ट्रॅफिक. असू दे. हीटर आहे.

काळजी एकच. अटल सेतूवर गाडी थांबवता येत नाही. खाली समुद्र, मागे सुसाट गाड्या, बाजूला आई. याचा विचार करायचा नाही असं ठरवलं आहे. दुपारपासून तोच विचार करते आहे.

आईची बॅग बरीच मोठी आहे. एका दिवसाला एवढी? फराळाचं असेल. वर तिची हॉस्पिटलची फाइलही होती. जपून असते ती.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज. दुपारी

शिवडीला, गाडीत. एकटी. इंजिन थंड होईपर्यंत लिहिते.

काळाचौकी नाका: काटा अर्धा. मी गाणं गुणगुणले. पुढे लाल दिवा, काटा पाऊण. हीटर फुल. आईच्या कपाळावरचं कुंकू ओघळलं. पुलाकडे जायची रांग. एक फूट पुढे, थांबा. एक फूट, थांबा. काटा एच. मी म्हटलं, काटा खोटं बोलतोय, पुलावर वारा लागला की उतरेल. बॉनेटच्या कडेने वाफ.

आई म्हणाली, "अनू, गाडी बाजूक घे."

आवाज चढवला नाही. मी आणखी थोडं पुढे नेली. ती म्हणाली, "अनू."

घेतली.

आई दाराला धरून उतरली. मी बॉनेट उघडलं, वाफ गेली. ती कडेने पुढे आली, वाकली, जाळीच्या आतली नाडी सोडली आणि गोधडी ओढून काढली. काळी झाली होती. झटकली, घडी घातली, काखेत घेतली. जणू यासाठीच उतरली होती.

तेवढ्यात समोरून वैभव आला. त्याची गाडी पुढे वळणावर उभी होती. मी म्हटलं, तू इथे कसा? तो खाली बघत म्हणाला, आईने सकाळीच फोन केला होता, शिवडीला येऊन थांब म्हणून.

तो हसला नाही. हसला असता तर भांडता आलं असतं. त्याने बॅग उचलली.

आई माझा घाम पुसत म्हणाली, "तू सावकाश ये. जेवायक थांबतो आम्ही."

त्याच दिवशी, रात्री

पुलावरून गेले. काटा अर्ध्यावर. हीटर लावायचं विसरले, तरी अर्ध्यावर. थर्मोस्टॅट काढल्याचा फायदा दिसायला वेळ लागतो, दिनेशला सांगितलं पाहिजे.

ओवाळलं. वैभव म्हणाला, काय हवं ताई ओवाळणीला, माग. काही नको म्हटलं. आई खिडकीशी, पाय पुढे, ढोपराखाली गोधडी. खिडकी उघडी होती. आम्ही निघालो असं मीच म्हणाले, निघाले एकटीच.

परत येतानाही काटा अर्ध्यावर. संपूर्ण वाट.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मुद्दाम गर्दीत नेली. लालबाग. भारतमाताचा सिग्नल, दोन वेळा हिरवा होऊन गेला तरी जागेवर. ऊन डोक्यावर. काटा हलला नाही.

झाकण नाही. थर्मोस्टॅट नाही. रेडिएटरच्या तोंडावर मीच गोधडी बांधली होती, आणि गाडीला हवा कुठून मिळावी याचा विचार केला नव्हता. उंदरांचा केला होता.

आईला इंजिनातलं काही कळत नाही. तिने माझी चूक वगैरे पकडली नाही. ती फक्त आपली वस्तू मागत होती. रोज. मी उशी दिली.

मागून हॉर्न वाजायला लागले. आज घाम नाही आला.

घरी येऊन खिडकी उघडली. मसाल्याची धूळ येते आहे. येऊ दे.

आईला मेसेज करायचा आहे. इथे आधी लिहून बघते, म्हणजे पाठवताना चुकणार नाही. आई, उलव्यातच फिजिओवाली बघितली आहे असं वैभव म्हणाला, तेव्हा तू नकोच म्हणणार. परत ये असं म्हणत नाही. तरी विचारते. सोमवारची शेवटची एक वेळ परळला येशील? मी घ्यायला येते, सोडायलाही येते. हीटर बंद ठेवीन.