तळ्यातल्या उवा

नांदगाव खंडेश्वर,
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुमच्याशी बोललं की आमच्या अख्ख्या गल्लीला कळतं आणि तुम्हालाच ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. आमच्या शेततळ्यातले रोहू-कटला आठ दिवसांपासून काठाच्या प्लास्टिकला अंग घासतात, भर दुपारी उड्या मारतात. ह्यांनी एक पकडून पाहिला, तर पराखाली मसुरीएवढे चपटे किडे चिकटलेले, आणि ते चालतात!

शेजारचे किसनराव म्हणून राहिले, का कपाशीवरचं औषध ओता, सांजेपर्यंत सफाचट. हेही बाटली घेऊन निघाले होते. मी म्हटलं, बाबांनी नऊ वर्षं मासोळ्या पोसल्या, त्यांचं पत्र येईस्तोवर थांबा. सासूबाई म्हणतात का तूनंच मासोयीचं खराब बी आनलं, ह्या मेल्या तं पुढच्या साली इथं एकबी मासोयी दिसली नाई पाह्यजे. हे तळं मी हट्टानं मागून घेतलंय, बाबा. हातचं जाऊ द्यायचं नाही मला.

माया आहेच, ती पत्रातून लवकर धाडावी.
तुमची,
जमुना


तेल्हारा,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. जमुना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जावईबापूंना सांग, बाटली होती तिथं ठेवा. त्या औषधानं उवांच्या आधी मासोळ्या मरतील, आणि तुमची म्हैस तेच पाणी पिते. हो, त्या माशांच्या उवाच आहेत. एकेक उपटत बसशील तर जन्म जाईल. अंडी गाठायची. उवेची मादी मासोळीचं अंग सोडून टणक जागी अंडी चिकटवते. तुझे टमाटरचे बांबू आता रिकामे असतील. ते दोरीला आडवे बांधून पाण्यात सोड. टोकांनी प्लास्टिक फाडशील, सांभाळ. दर चौथ्या दिवशी काढून कडक उन्हात वाळव, तोवर दुसरे सोड. काठ खराट्यानं घास. आणि माझ्या एकट्याच्या शब्दावर राहू नकोस, एक मासोळी अमरावतीला मत्स्य विभागात दाखवून ये.

दिवाळीत माझं जाळं नेलंस ते वापरू नकोस. फाटलं आहे.

विहीणबाईंना नमस्कार. घाबरू नकोस.
तुझा,
बाबा


नांदगाव खंडेश्वर,
१६ मार्च २०२५

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

जीव भांड्यात पडला! पहिल्या खेपेला बांबूंवर पिवळट अंड्यांच्या रांगाच रांगा होत्या; या आठवड्यात शोधूनही सापडल्या नाहीत. चाळीसेक मासे गेले, पण बाकीचे खाद्यावर तुटून पडतात. सासूबाई न सांगता बांबू उलटेपालटे करायला येतात, आणि मी दिसले की ओढ्याकडे चालल्याचं सोंग करतात.

अमरावतीच्या मत्स्य विभागातल्या मॅडमनी भिंगातून पाहून तुमचाच उपाय सांगितला. पण त्यांचा पहिला प्रश्न होता, दुसऱ्या तळ्यातलं ओलं जाळं आणलं होतं का. मी नाही म्हणाले.

दिवाळीहून आल्या दिवशीच तळ्यात टाकलेलं तुमचं जाळं अंगणात पसरून पाहिलं. कुठंच फाटलेलं नाही, बाबा.

पत्राची वाट पाहते.
जमुना


तेल्हारा,
२१ मार्च २०२५

चि. सौ. जमुना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जाळं फाटलेलं नव्हतं. दिवाळीत माझ्या तळ्यात ह्याच उवा होत्या. तू जाळं मागितलंस तेव्हा ते ओलं होतं. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं. अर्धा तालुका मला मासोळीचं विचारायला येतो, आणि माझ्याच तळ्यात उवा, हे माझ्या तोंडून निघेना. मार्गशीर्षात माझी सगळी मासोळी गेली. बांबूचं मला फार उशिरा कळलं.

हे विहीणबाईंना वाचून दाखव. बी चांगलं होतं, दोष माझा होता. लेकीच्या घरी मी रोग धाडला आणि वर खोटं लिहिलं, याची लाज वाटते.

रागावलीस तरी पत्र टाकावं.
बाबा


नांदगाव खंडेश्वर,
२६ मार्च २०२५

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र सगळ्यांसमोर वाचलं. खरं सांगते, जाळ्याचा राग मला आला होता, आणि तो एक दिवस टिकला. ह्यांनी आपल्या आईकडे पाहिलं. सासूबाई भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या, त्या सोलतच राहिल्या. मग म्हणाल्या, का येवढा मोठा मानूस चार महिने रिकाम्या तयापाशी एकटा बसून राह्यला, अन् आपल्याले माईत नाई?

हे माझ्या मनातच आलं नव्हतं. दर फोनला मी मासोळ्या कशा आहेत म्हणून ओरडून विचारायची आणि तुम्ही मजेत म्हणायचात. मला फार रडू आलं, बाबा.

पाडव्यानंतरच्या गुरुवारी आम्ही तिघं येतो. सासूबाईंचा हुकूम आहे: तळ्याचं उरलंसुरलं पाणी आत्ताच उपसायला घ्या, तळ उन्हात तापू द्या, चुना आम्ही आणतो. पावसाळ्यात नवं बी सोडू. आमच्या तळ्यात मासोळी राहणार की नाही, हा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.

आल्यावर मी कसे आहात म्हणून विचारीन. तेव्हा मजेत म्हणायचं नाही.

तुमची,
जमुना